स्वभाव, मत आणि उत्तरदायित्व

राजकीय पक्षभेद सांगण्यासाठी मराठीत जे शब्द खोलवर रुजले, त्यांत ‘जहाल’ आणि ‘मवाळ’ या दोन शब्दांचे स्थान मोठे आहे. हे शब्द मुळात राजकारणाचे नाहीत. जहाल असते ते विष, एखादे औषध किंवा एखाद्याची जीभ. मवाळ असतो तो आवाज, किंवा राग ओसरल्यावरचा माणूस. डिसेंबर १९०७ मध्ये सुरतेच्या अधिवेशनात काँग्रेस दुभंगली, तेव्हा इंग्रजी वृत्तपत्रे या दोन गटांसाठी टोक आणि मर्यादा सुचविणारी, म्हणजे अंतर मोजणारी नावे वापरीत होती. मराठीने मात्र प्रकृतीची नावे पसंत केली. टिळक जहाल, गोखले मवाळ, एवढे म्हटले की दोघांचे राजकारण आणि दोघांचा पिंड एकाच दमात सांगून झाला, असे मराठी वाचकाला वाटू लागले.

या भाषिक सोयीत एक गंभीर प्रश्न दडलेला आहे. माणसाचे राजकीय मत हे त्याच्या विचाराचे फळ असते की त्याच्या स्वभावाचा पडसाद? ‘स्वभावाला औषध नाही’ असे लोक सहज म्हणतात. मत हा जर स्वभावाचाच एक आविष्कार असेल, तर मतालाही औषध नाही. मग युक्तिवाद, लोकशिक्षण, वृत्तपत्रे, विधिमंडळातील चर्चा या साऱ्यांचे प्रयोजन काय उरते? शिवाय, ज्या मताची निवड आपण केलीच नाही, त्याबद्दल आपल्याला जबाबदार कोणी का धरावे? प्रश्न मानसशास्त्राचा दिसतो. पण तो अखेरीस नीतीचा आहे.

योगायोग असा, की सुरतेची फूट पडली त्याच १९०७ साली विल्यम जेम्स या अमेरिकन तत्त्वज्ञाने आपल्या ‘प्रॅग्मॅटिझम’ या ग्रंथात तत्त्वज्ञानाचा इतिहास हा बव्हंशी मानवी स्वभावांचा संघर्ष असल्याचे प्रतिपादन केले आणि विचारवंतांची मृदुमनस्क व कठोरमनस्क अशी विभागणी सुचविली. पुढे हाच धागा राजकारणाकडे वळला. नाझी राजवटीचा अनुभव ताजा असताना, १९५० मध्ये, थिओडोर अडोर्नो आणि त्यांचे सहकारी यांनी हुकूमशाहीला अनुकूल अशा व्यक्तिमत्त्वाचा शोध घेणारा बृहद्ग्रंथ प्रसिद्ध केला. या ग्रंथाने उजव्या बाजूची हुकूमप्रियता मोजली, डावीकडची मोजलीच नाही, असा आक्षेप त्यावर लवकरच आला. १९५४ मध्ये हान्स आयझेंक यांनी राजकीय मतांसाठी एकाऐवजी दोन अक्ष मांडले: एक परिवर्तनवाद आणि परंपरावाद यांचा, दुसरा कठोरपणा आणि मृदुता यांचा. त्यांच्या मते कम्युनिस्ट आणि फॅसिस्ट पहिल्या अक्षावर परस्परांपासून दूर, पण दुसऱ्यावर शेजारी होते. या मांडणीवरही बरेच वाद झाले. तथापि मराठी वाचकाला तिच्यात परके असे काही वाटू नये. सामाजिक प्रश्नांत परंपरेची बाजू घेऊन १८९१ च्या संमतिवयाच्या विधेयकाला विरोध करणारे टिळक राजकारणात जहाल होते, आणि सामाजिक सुधारणेचे पुरस्कर्ते गोखले राजकारणात मवाळ होते. माणूस एका अक्षावर मावत नाही, हे महाराष्ट्राने आयझेंक यांच्या आधीच अनुभवले होते.

अलीकडच्या संशोधनाने व्यक्तिमत्त्वाचे पाच प्रमुख गुणविशेष मानले आहेत. नव्या अनुभवांविषयीचा खुलेपणा उदारमतवादाशी, आणि शिस्त व कर्तव्यदक्षता परंपरावादाशी काही प्रमाणात जुळते, असे अनेक पाहण्यांत, विशेषतः पाश्चात्त्य देशांतील पाहण्यांत, आढळले आहे. हे जुळणे समूहापुरते खरे आहे. समोरच्या एका माणसाविषयी त्यावरून फारसे काही सांगता येत नाही. या क्षेत्रातील एक प्रकरण तर कायम स्मरणात ठेवावे असे आहे. २०१२ मध्ये व्हरहल्स्ट, ईव्ह्ज आणि हतेमी या तीन संशोधकांनी जुळ्या भावंडांच्या माहितीवर आधारलेला एक निबंध अमेरिकेतील राज्यशास्त्राच्या एका प्रतिष्ठित नियतकालिकात प्रसिद्ध केला. स्वभाव हे मताचे कारण नव्हे, दोहोंचा उगम काही अंशी एकाच आनुवंशिक स्रोतातून होतो, असा त्यांचा मुख्य सिद्धान्त होता. त्याबरोबरच कोणता गुणविशेष कोणत्या बाजूला आढळतो, हेही त्यांनी सांगितले होते. २०१६ मध्ये एक दुरुस्ती छापावी लागली. मतांना अंक देताना दिशा उलटली होती. जे परंपरावाद्यांचे म्हणून सांगितले ते उदारमतवाद्यांचे होते, आणि उदारमतवाद्यांचे म्हणून सांगितले ते परंपरावाद्यांचे. मुख्य सिद्धान्त यामुळे बाधित होत नाही, असे लेखकांनी नमूद केले. पण चार वर्षे उलटे चित्र खरे मानले गेले, यातून वाचकाने एक गोष्ट ओळखावी. विरोधकाच्या स्वभावाविषयी जे सांगितले जाते, ते मनाजोगते असले की तपासून पाहण्याची गरज सहसा कोणाला वाटत नाही.

सरासरीच्या या हिशेबातून प्रत्यक्ष माणसांकडे वळले म्हणजे प्रश्न अधिक स्पष्ट होतो. त्यासाठी बेंगळूरइतके सोयीचे ठिकाण क्वचितच सापडेल. जून १९७५ मध्ये पक्षांतरबंदीच्या विधेयकावरील संसदीय समितीच्या कामासाठी काही खासदार त्या शहरात आले होते. २५ जूनच्या रात्री आणीबाणी जाहीर झाली आणि २६ तारखेच्या सकाळी त्यांतील चौघांना अटक झाली: जनसंघाचे अटलबिहारी वाजपेयी आणि लालकृष्ण अडवाणी, संघटना काँग्रेसचे श्यामनंदन मिश्र आणि समाजवादी पक्षाचे मधु दंडवते. राजापूरच्या मतदारांनी निवडून दिलेला, अहमदनगरात जन्मलेला आणि मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकविलेला एक मराठी प्राध्यापक अशा रीतीने बेंगळूरच्या मध्यवर्ती कारागृहात दाखल झाला. स्थलांतरांचे काही दिवस वगळता जानेवारी १९७७ च्या सुमारापर्यंत त्यांचा मुक्काम तेथेच राहिला. पत्नी प्रमिला दंडवते त्याच काळात पुण्याच्या येरवड्याच्या तुरुंगात होत्या. दोन तुरुंगांमधून या दांपत्याने परस्परांना लिहिलेली पत्रे हा त्या काळाचा एक हृद्य दस्तऐवज आहे.

दंडवते यांची प्रकृती संयमी, विनोदाचा आधार घेणारी आणि अभ्यासात रमणारी. या प्रकृतीचा मनुष्य कोणत्या पक्षात असेल, असे एखाद्या परक्याला विचारले असते, तर त्याने बहुधा सावध मध्यममार्गाचे नाव घेतले असते. पण १९४२ च्या आंदोलनापासून गोव्याच्या सत्याग्रहापर्यंत आणि तेथून आणीबाणीच्या तुरुंगापर्यंत दंडवते सातत्याने परिवर्तनवादी गटात राहिले. त्यांच्याच पक्षात जॉर्ज फर्नांडिस होते. मंगळूरच्या या तरुणाला १९४६ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, पाद्री होण्याच्या शिक्षणासाठी बेंगळूरलाच पाठविण्यात आले होते. धर्मगुरूंचे जेवण वेगळे आणि विद्यार्थ्यांचे वेगळे, ही विषमता आपल्याला सहन झाली नाही, असे त्यांनी पुढे सांगितले. ते शिक्षण सोडून ते मुंबईला आले, गोदी आणि टॅक्सी कामगारांत वाढले, १९६७ मध्ये स. का. पाटील यांना हरवून लोकसभेत गेले आणि १९७४ चा देशव्यापी रेल्वे संप त्यांनी उभा केला. आणीबाणीत ते भूमिगत झाले. जून १९७६ मध्ये कलकत्त्यात पकडले गेले. बडोदा डायनामाइट खटल्यात त्यांच्यावर सुरुंग लावण्याच्या कटाचा आरोप ठेवण्यात आला. हा खटला १९७७ मध्ये मागे घेण्यात आला.

पक्ष एक, शत्रू एक, ध्येयवाद एक. पण स्वभाव जवळजवळ विरुद्ध. एक जण पकडला गेल्यावर ग्रंथ आणि पत्रे यांच्या आधाराने तुरुंग सोसतो, दुसरा वेषांतर करून देशभर फिरतो. १९७७ मध्ये दोघेही मंत्री झाले तेव्हाही हा भेद झाकला नाही. दंडवते यांनी रेल्वेमंत्री म्हणून १९७४ च्या संपात बडतर्फ झालेल्या कामगारांना परत घेतले, आणि दुसऱ्या वर्गाच्या शयनयानातील उघड्या लाकडी फळ्यांवर गाद्या बसविण्याचा क्रम सुरू केला. संप उभा करणाऱ्याची कळकळ आणि फळीवर गादी घालणाऱ्याची कळकळ यांचे मूळ एकच मानावे लागते, मात्र ती व्यक्त करण्याची रीत प्रत्येकाची आपापली. पुढे फर्नांडिस यांनी जुलै १९७९ मध्ये लोकसभेत मोरारजी देसाई सरकारची जोरदार बाजू मांडली आणि काही दिवसांतच मंत्रिपद सोडले. १९९४ मध्ये समता पक्ष स्थापन केला. १९९६ पासून भारतीय जनता पक्षाशी मैत्री केली आणि १९९८ मध्ये त्या आघाडीच्या सरकारात ते संरक्षणमंत्री झाले. या प्रवासाचे मूल्यमापन कोणी कसेही करो. येथे एवढेच नोंदवायचे की स्वभावातील धडाडी तीच राहिली आणि राजकीय स्थान बदलले. कारण तेच असता परिणाम बदलतो, तेव्हा ते एकमेव कारण नव्हते असे मानणे तर्काला धरून आहे.

याच्या उलट बाजूचा दाखला महाराष्ट्राच्याच इतिहासात, दुसऱ्या एका तुरुंगात सापडतो. १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणातील लेखनाबद्दल टिळक आणि आगरकर या दोघा मित्रांना मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. आगरकरांनी त्या दिवसांवर पुस्तकही लिहिले. बेंगळूरला एका मताची दोन भिन्न माणसे दिसतात, तर डोंगरीला एकाच धातूची. दोघेही हट्टी, दोघेही निःस्पृह, दोघांनीही सरकारी नोकरीकडे पाठ फिरवून शाळा काढलेली, दोघांनाही तडजोडीचे वावडे. पण याच हट्टाने एकाला परंपरेचा अभिमान सांगण्यास लावले आणि दुसऱ्याला तिची चिकित्सा करण्यास. १८८७ मध्ये आगरकरांनी ‘केसरी’ सोडला आणि १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला; सनातन्यांनी त्यांच्या हयातीत त्यांची प्रेतयात्रा काढली, तरी ते मागे हटले नाहीत. हट्ट हा त्या दोघांचा समान गुण होता. त्या हट्टाने काय धरून ठेवायचे, हे ज्याचे त्याने ठरविले. या ठरविण्याच्या क्रियेलाच मत म्हणतात. स्वभाव तिला बळ देतो, ढंग देतो, कधी तिची घाई करवितो. पण तिची जागा घेत नाही.

बेंगळूरच्या तुरुंगात आणखी एक जोडी होती. अडवाणी आणि दंडवते हे दोघेही वाचनप्रिय, नेमस्त वृत्तीचे आणि बोलण्यात तोल सांभाळणारे. अडवाणी यांची त्या काळातील नोंदवही १९७८ मध्ये पुस्तकरूपाने आलीही. स्वभाव हेच जर मताचे बीज असते, तर सहवासाच्या त्या महिन्यांत हे दोघे विचारानेही जवळ आले असते. त्यांच्यात स्नेह निर्माण झाला. १९७७ मध्ये त्यांचे पक्ष जनता पक्षात विलीन झाले आणि ते एकाच मंत्रिमंडळात बसले. तरीही जनसंघातून आलेल्या सदस्यांचे राष्ट्रीय स्वयंसेवक संघाशी नाते काय असावे, या दुहेरी सदस्यत्वाच्या प्रश्नावर तो पक्ष दुभंगला आणि एप्रिल १९८० मध्ये भारतीय जनता पक्ष वेगळा झाला. मतभेद स्वभावातून उपजलेला असता, तर स्वभाव जुळल्यावर तो मिटायला हवा होता. तो मिटला नाही, कारण तो राष्ट्र म्हणजे काय याविषयीचा मतभेद होता आणि त्याला कारणे होती. मतभेद असूनही स्नेह टिकतो आणि स्नेह असूनही मतभेद टिकतो, या दोन्ही गोष्टी माणसाच्या प्रतिष्ठेच्या खुणा आहेत.

आता त्या कारागृहाच्या भिंतींकडेच पाहिले पाहिजे, कारण या प्रश्नाचा खरा गाभा तेथे आहे. या माणसांना ज्या ‘मिसा’ कायद्याखाली स्थानबद्ध करण्यात आले, तो प्रतिबंधक स्थानबद्धतेचा कायदा होता. सामान्य फौजदारी कायदा केलेल्या कृत्याबद्दल शिक्षा देतो. प्रतिबंधक कायदा माणूस पुढे काय करील याचा अंदाज बांधून त्याला आधीच बंद करतो. म्हणजे तो त्याच्या कृतीकडे न पाहता त्याच्या प्रकृतीकडे पाहतो. आणीबाणीत तर स्थानबद्धतेची कारणे सांगण्याचे बंधनही कायद्यात बदल करून काढून टाकण्यात आले. या खासदारांनी कर्नाटक उच्च न्यायालयात बंदिप्रत्यक्षीकरणाचे अर्ज केले होते. पण २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने असे अर्ज करण्याचा अधिकारच नाकारला. न्यायमूर्ती ह. रा. खन्ना यांनी एकट्याने भिन्न निकाल दिला. ज्याला कारण सांगितले जात नाही, त्याला उत्तरही देता येत नाही. तो माणूस केवळ एक प्रकारचा माणूस होऊन उरतो.

त्याच कारागृहात अभिनेत्री स्नेहलता रेड्डी होत्या. ‘संस्कार’ या कन्नड चित्रपटातील चंद्रीच्या भूमिकेमुळे त्या रसिकांना परिचित होत्या. लोहियांच्या विचारांनी त्या समाजवादी वर्तुळात आल्या होत्या. फर्नांडिस यांच्याशी असलेल्या परिचयामुळे मे १९७६ मध्ये त्यांना पकडण्यात आले. दम्याचा विकार असलेल्या या कलावतीला आठ महिने स्थानबद्ध ठेवण्यात आले. तिच्यावरचा कोणताही आरोप न्यायालयात सिद्ध झाला नाही. रात्रीच्या शांततेत त्यांचे ओरडणे आपल्या कोठडीपर्यंत ऐकू येत असे, असे दंडवते यांनी आठवणींत लिहून ठेवले आहे. १५ जानेवारी १९७७ रोजी त्यांना पॅरोलवर सोडण्यात आले आणि २० जानेवारीला त्यांचे निधन झाले. रंगभूमी आणि नृत्य यांत रमलेल्या या स्त्रीचा स्वभाव धोकादायक होता की नव्हता, याची चर्चा करणेदेखील अन्यायाचे आहे. कारण प्रश्न तिने काय केले एवढाच असायला हवा होता.

विरोधकाच्या मताचे मूळ त्याच्या स्वभावात शोधणाऱ्या विद्वानाला तुरुंगाधिकाऱ्याच्या पंक्तीला बसविणे अर्थातच अतिशयोक्तीचे होईल. विद्वान जाणून घेऊ इच्छितो, अधिकारी बंदोबस्त करू इच्छितो. परंतु या दोहोंमधील वाट वाटते तेवढी लांब नाही. अमुक जण भित्रा आहे म्हणून परंपरा धरून बसतो, तमुक जण मत्सरी आहे म्हणून समता मागतो, असे एकदा म्हटले की त्याच्या म्हणण्याला उत्तर देण्याची गरज संपते. मत असेल तर त्याला प्रत्युत्तर लागते. स्वभाव असेल तर त्याला उपचार, उपेक्षा किंवा कुलूप पुरते. शिवाय हा युक्तिवाद कोणत्याही बाजूला सारख्याच सुखाने वापरता येतो. २०१६ च्या त्या दुरुस्तीत दोन बाजूंची अदलाबदल झाली तरी बाकीचा डोलारा तसाच उभा राहिला, हे पुरेसे बोलके आहे.

मग स्वभावाचा विचार सोडूनच द्यावा काय? तसे करणेही योग्य नाही. भारतीय परंपरेने स्वभावाला फार मोठे स्थान दिले आहे. गीतेच्या सतराव्या अध्यायात श्रद्धेचे सात्त्विक, राजस आणि तामस हे तीन प्रकार स्वभावातूनच येतात असे मानले आहे. पण या ज्ञानाचा उपयोग कोणावर करायचा, याचे मार्मिक उत्तर समर्थ रामदासांच्या ‘दासबोधा’त मिळते. दुसऱ्या दशकाच्या आरंभी तेथे मूर्खाच्या लक्षणांची लांबलचक यादी आहे. ती वाचताना प्रत्येकाला शेजारी आठवतो, भाऊबंद आठवतात. पण समर्थांनी ही लक्षणे ऐकून त्यागण्यासाठी सांगितली आहेत. ऐकणाऱ्याने ती आपल्या ठायी शोधावीत आणि सोडावीत, हा तिचा हेतू आहे. स्वभाव आणि मत यांच्या संबंधाचे ज्ञानही असेच त्यागार्थ वापरावयाचे आहे. आपल्याला हे मत पटले ते त्याच्या कारणांमुळे, की ते आपल्या भीतीला, रागाला किंवा आळसाला सोयीचे आहे म्हणून, असा प्रश्न ज्याने स्वतःला विचारला त्याला मानसशास्त्राचा खरा लाभ झाला. हाच प्रश्न दुसऱ्याला विचारला की तो आरोप होतो.

म्हणून उत्तरदायित्वाचा प्रश्नही सुटतो, निदान सुसह्य होतो. स्वभाव माणसाने निवडलेला नसतो, हे मान्य. पण आपला स्वभाव आपल्याला कोठे ओढतो हे ओळखण्याची आणि त्या ओढीच्या विरुद्ध जाऊन एखादे कारण ऐकून घेण्याची शक्ती त्याच्यापाशी असते. मवाळ माणूस ज्या दिवशी अन्यायापुढे मवाळ राहण्यास नकार देतो, आणि जहाल माणूस ज्या दिवशी आपल्या रागाला पुरावा मागतो, त्या दिवशी त्यांचे मत खऱ्या अर्थाने त्यांचे होते. त्या मताबद्दल त्यांना जाब विचारता येतो. जाब विचारणे हा येथे अपमान नसून आदर आहे.

बेंगळूरच्या शेषाद्री मार्गावरील ते जुने कारागृह पुढे शहराबाहेर हलविण्यात आले आणि २००८ मध्ये त्या जागी ‘फ्रीडम पार्क’ उघडण्यात आले. मधला टेहळणीचा मनोरा जपून ठेवलेला आहे. तेथून एके काळी प्रत्येक बंद्याच्या हालचालीवर नजर ठेवता येई. आता त्याच आवारात निदर्शनांसाठी जागा राखली आहे आणि शहरातील निदर्शने तेथेच व्हावीत असा नियमही झाला आहे. आज अंगणवाडी सेविका, उद्या शेतकरी, परवा त्यांच्या मागणीला विरोध करणारे, असे परस्परविरोधी मतांचे आणि नाना स्वभावांचे लोक तेथे फलक घेऊन उभे राहतात. त्यांच्यात कोण चिडखोर, कोण भाबडा, कोण हटवादी, हे मनोऱ्यावरून पाहणाऱ्याला कदाचित सांगता येईल. त्यांचे म्हणणे काय आहे हे समजण्यासाठी मात्र खाली उतरून फलकावरचे शब्द वाचावे लागतात.